घरच्या संग्रहात कोणत्या मालिका असाव्यात?

उत्तर अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांच्या बेसमेंटमध्ये टीव्हीशेजारी एक फळी असते. उत्खननात जसे थरावर थर सापडतात तसे या फळीवर आपल्या स्थलांतराचे थर सापडतात. सर्वांत खाली इंडियन ग्रोसरीच्या दुकानातून आणलेल्या आणि परत करायच्या राहून गेलेल्या व्हिडिओ कॅसेट. त्यांच्यावर कुणाच्या तरी मुंजीचे चित्रीकरण. त्यावर वास्तुशांतीला आहेर म्हणून आलेला 'रामायण'चा जाडजूड संच, वरचा प्लॅस्टिकचा कागद अजून शाबूत. आणि सर्वांत वर एखादी डीव्हीडी, जिच्या खोक्यात भलतीच डीव्हीडी निघते.

ही फळी एकदा आवरायला काढली की प्रश्न पडतो, यातले ठेवायचे काय आणि नव्याने घ्यायचे काय? आपल्या मंडळात या विषयावर गप्पा पुष्कळ होतात, पण त्या बहुधा "ती मालिका आठवते का हो?" इथे सुरू होतात आणि शीर्षकगीत गुणगुणण्यापाशी संपतात. आठवणीपुरते हे ठीक आहे. पण पैसे खर्चून, जागा अडवून आणि मुख्य म्हणजे मुलांसमोर ठेवण्यासाठी एखादी मालिका निवडायची, तर आठवण ही कसोटी पुरत नाही. त्यासाठी ती मालिका आज कशी दिसते ते पाहायला हवे. या लेखात तेच करायचे आहे. मते माझी आहेत. आपली वेगळी असतील तर वाद घालायला जागा आहे.

मुळात विकत का घ्यायच्या?

"सगळे फोनवर फुकट मिळते, मग कपाटात कशाला भरायचे?" हा तरुण मंडळींचा प्रश्न रास्त आहे. २०२०च्या मार्चमध्ये भारतात टाळेबंदी लागली तेव्हा दूरदर्शनने 'रामायण' आणि 'महाभारत' पुन्हा दाखवली. त्याच एप्रिलमध्ये जुन्या मालिकांसाठी 'डीडी रेट्रो' ही वाहिनी सुरू झाली. नोव्हेंबर २०२४मध्ये प्रसार भारतीने 'वेव्हज' हे स्वतःचे ॲपही काढले. म्हणजे माल बाहेर येतो आहे, याबद्दल आनंदच आहे.

पण ॲपवर जे आज दिसते ते उद्या दिसेलच असे नाही. हक्कांचे करार संपतात, कंपन्या विकल्या जातात आणि एक दिवस ती मालिका "आपल्या देशात उपलब्ध नाही" असे उत्तर येते. "विकत घ्या" असे बटण असते तिथेही आपण बहुतेक वेळा पाहण्याचा परवाना घेत असतो, वस्तू नव्हे.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. टेलिव्हिजनचे जुने कार्यक्रम टिकतात ते बरेचसे योगायोगाने. 'आय लव्ह ल्यूसी' १९५१ सालचा, पण आजही लख्ख दिसतो, कारण तो प्रेक्षकांसमोर तीन कॅमेरे लावून फिल्मवर चित्रित केला गेला. उलट टेपवर केलेले कार्यक्रम पुसून त्याच टेपवर दुसरे काही नोंदवण्याची पद्धत जगभर होती. बीबीसीसारख्या संस्थेनेही आपले कित्येक जुने कार्यक्रम असे घालवले. टेप महाग असे आणि कालचा कार्यक्रम उद्या कुणाला हवा असेल असे कुणाला वाटत नसे. घरोघरच्या संग्रहांमुळे सगळे वाचेल असे नाही, पण जे अधिकृतपणे विक्रीला आले ते विकत घेणारे असले तरच पुढचे बाहेर येते, एवढे व्यापारी सत्य आहे.

आणि तिसरे: फोनवर काय पाहायचे हे बहुधा फोनच ठरवतो. फळीवर काय ठेवायचे हे आपण ठरवतो. घरात येणाऱ्या मुलाला पुस्तकांचे कपाट जे न बोलता सांगते, तेच ही फळीही सांगते.

कसोट्या

माझ्या कसोट्या चार आहेत. पहिली, मालिका पुरी झालेली असावी. तिला ठरवून केलेला शेवट असावा किंवा प्रत्येक भाग आपल्यापुरता पुरा असावा. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर तेरा भागांच्या हिशेबाने मालिका मंजूर होत आणि आठवड्याला एक भाग लागे. लेखकाला सात दिवस मिळत. पुढे रोजच्या मालिका आल्या आणि लेखकाचे काम गोष्ट सांगण्याऐवजी गोष्ट न संपू देण्याचे झाले. अशा मालिका त्या-त्या दिवशी पाहायला ठीक, संग्रहाला निरुपयोगी.

दुसरी कसोटी वेळेची. संच विकत घेताना आपण किंमत पाहतो, तास मोजत नाही. 'महाभारत'चे ९४ भाग आहेत. पाऊण तासाचा एक भाग धरला तर सुमारे ७० तास. शनिवारी एक भाग या हिशेबाने दहा वर्षांचा मुलगा मालिका संपता संपता बाराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर येतो. मूळ प्रक्षेपणालाही तेवढाच काळ लागला होता: २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९०. पण तेव्हा रविवारी सकाळी दुसरे काही नव्हते. इथे सॉकर आहे, पियानो आहे आणि मराठी शाळाही आहे.

तिसरी कसोटी, कुणासाठी घेतो आहोत? सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आई-वडिलांसाठी, स्वतःसाठी की मुलांसाठी? एकाच संचात तिघांचे समाधान करू पाहिले की कुणाचेच होत नाही.

चौथी, भाषा. हिच्याकडे शेवटी येतो, कारण आपल्या संग्रहांचे खरे दुखणे तिथे आहे.

अमेरिकन अभिजात मालिकांना मी या यादीत घेतलेले नाही. त्यांच्यात गुण नाहीत म्हणून नव्हे, तर त्या गावातल्या पब्लिक लायब्ररीत सहज मिळतात म्हणून. 'गोट्या' मिळणार नाही. आपला पैसा जिथे दुसरा कुणी खर्च करणार नाही तिथे जावा.

महाकाव्ये: एक पुरे

बहुतेक घरांत असतात ती 'रामायण' आणि 'महाभारत'. रामानंद सागरांचे 'रामायण' २५ जानेवारी १९८७ला सुरू झाले आणि ७८ भागांनी ३१ जुलै १९८८ला संपले. त्या काळात रस्ते ओस पडत, टीव्हीला हार घातले जात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ती प्रेक्षकांची भक्ती होती. मालिकेचा गुण नव्हे. आज पाहताना जाणवतो तो संथपणा. एक वाक्य उच्चारले जाते आणि मग दरबारातल्या प्रत्येक चेहऱ्यावर त्याचा परिणाम आपल्याला आळीपाळीने दाखवला जातो. ज्यांच्यासाठी ते दर्शन आहे त्यांना तो संथपणा जपासारखा वाटेल, आणि घरी आजी-आजोबा असतील तर संच जरूर ठेवावा. ज्याला गोष्ट हवी आहे त्याचा धीर मात्र सुटेल.

'महाभारत'ची गोष्ट वेगळी. बी. आर. आणि रवि चोप्रांच्या या मालिकेचे पटकथा-संवाद राही मासूम रझा यांचे आहेत, आणि ते आजही उभे राहतात. 'पिताश्री', 'भ्राताश्री' यांची आपण थट्टा करतो, पण हे शब्द एवढे रुळले की ते त्यांनी घडवले हेच आपण विसरलो. सूत्रधार म्हणून 'समय' आणणे ही युक्ती नव्हती, दृष्टी होती: देव नव्हे, ऋषी नव्हे, काळ गोष्ट सांगतो आहे. द्यूतसभेत द्रौपदी प्रश्न विचारते आणि सभेतले सगळे मोठे लोक मान खाली घालतात. तो प्रसंग दाखवला की पंधरा वर्षांच्या मुलाशी तासभर बोलता येते. शिवाय नितीश भारद्वाजांचा कृष्ण मराठी घरांना आपला वाटतो, त्याला इलाज नाही. युद्धाचे बाण हवेत एकमेकांना भिडतात तेव्हा मुले हसतील. हसू द्यावे. दोहोंतला एकच संच घ्यायचा असेल तर हा घ्या, आणि पूर्ण पाहण्याचा हट्ट धरू नका.

ज्यावाचून संग्रह अपुरा

माझ्या मते पहिली खरेदी श्याम बेनेगलांच्या 'भारत एक खोज'ची असावी. १९८८-८९ सालची, ५३ भागांची ही मालिका नेहरूंच्या १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'वर आधारलेली. शमा झैदी आणि अतुल तिवारी यांचे लेखन, वनराज भाटियांचे संगीत, आणि ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताने होणारी सुरुवात. नेहरूंच्या भूमिकेत रोशन सेठ कॅमेऱ्याशी बोलतात आणि मग प्रसंग नाट्यरूपात घडतो.

हिच्यातले दोष आधी सांगतो. पैसा कमी पडल्याचे दिसते. तीच सभा, तेच खांब, दोन-चारशेऐवजी वीस-पंचवीस सैनिक. तेच नट वेगवेगळ्या शतकांत वेगवेगळ्या दाढ्या लावून येतात. काही भाग शाळेच्या धड्यासारखे आहेत. पण सबंध भारताचा इतिहास, तोही शंका, वाद आणि परस्परविरोध यांसह, एवढ्या संयमाने मांडणारे टेलिव्हिजनवर दुसरे काही नाही. शिवाजी महाराजांवरचे दोन भाग आपल्या घरांत मुद्दाम पाहावेत. नसीरुद्दीन शहांचे शिवाजीमहाराज चित्रपटांतल्यासारखे गर्जत नाहीत. ते विचार करताना दिसतात, हिशेब करताना दिसतात. ज्यांना देव्हाऱ्यातला शिवाजी हवा त्यांना ते कमी वाटेल. ज्यांना मुलांना हा माणूस राजा कसा झाला ते सांगायचे आहे त्यांना पुरेल. सदाशिव अमरापूरकरांचे महात्मा फुलेही याच मालिकेत भेटतात. ज्यांनी त्यांना केवळ खलनायक म्हणून पाहिले त्यांच्यासाठी एवढ्यावरही संच घ्यावा.

हिचा मोठा सोयीचा गुण म्हणजे ती कुठूनही उघडता येते. अशोक, अकबर, १८५७, जो विषय शाळेत किंवा जेवणाच्या टेबलावर निघेल तो भाग काढावा. रामायण-महाभारतालाही हिच्यात प्रत्येकी दोन भाग आहेत. पूर्ण संच पाहायला वेळ नसलेल्यांनी तेवढे पाहिले तरी चालेल.

दुसरी खरेदी 'मालगुडी डेज'. आर. के. नारायण यांच्या कथा, शंकर नाग यांचे दिग्दर्शन, एल. वैद्यनाथन यांचे संगीत, आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रे. १९८६-८७ सालच्या या ३९ भागांचे चित्रीकरण प्रामुख्याने कर्नाटकातल्या आगुंबे गावात झाले. शंकर नाग मूळचे कन्नड, पण मुंबईत मराठी रंगभूमीवर वावरलेले. १९९० साली अवघ्या पस्तिसाव्या वर्षी अपघातात गेले. भाग वीस-पंचवीस मिनिटांचे, बहुतेक कथा एका बैठकीत संपणाऱ्या. मास्टर मंजुनाथचा स्वामी मुलांना लगेच आवडतो, कारण तो गोंडस नाही. तो घाबरट आहे, थापाड्या आहे आणि वडिलांना भितो. वडील गिरीश कार्नाड असल्यावर कोण भिणार नाही?

पण ही फक्त मुलांची मालिका समजू नये. 'द व्हेंडर ऑफ स्वीट्स'वरचे भाग आपण मोठ्यांनी मुले झोपल्यावर पाहावेत. गांधीवादी, चरखा कातणारा मिठाईवाला जगन. त्याचा मुलगा माली अमेरिकेला जातो आणि परत येतो तो एका परदेशी तरुणीला आणि कथा लिहिणाऱ्या यंत्राची योजना घेऊन. बापाकडून त्याला भांडवल हवे आहे. मूळ कादंबरी १९६७ सालची. आपण या गोष्टीत कुठे बसतो हे ज्याचे त्याने ठरवावे: एकेकाळी आपण माली होतो, आणि आता हळूहळू जगन होत चाललो आहोत. अनंत नाग यांनी जगनची चीड कुठेही मोठ्या आवाजात दाखवलेली नाही, आणि म्हणूनच ती आपल्यापर्यंत पोहोचते.

तिसरी, 'तमस'. भीष्म साहनींच्या कादंबरीवर गोविंद निहलानींनी केलेली, १९८८ साली दाखवली गेलेली, सारी मिळून सुमारे पाच तासांची. ती थांबवावी म्हणून लोक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी स्वतः पाहून ती दाखवायला हरकत नाही असे ठरवले आणि फेब्रुवारी १९८८मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच मान्य केले. ओम पुरींचा नत्थू डुक्कर मारतो तो सुरुवातीचा लांब, घुसमटवणारा प्रसंग एकदा पाहिला की विसरत नाही. खुद्द साहनींनी यात हरनामसिंगाचे काम केले आहे. घरदार सोडून निघालेल्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर लेखकाची स्वतःची फाळणी दिसते. आपल्या पिढीतल्या महाराष्ट्रीयांना फाळणी ही बरीचशी दुसऱ्यांची गोष्ट वाटते. इथे मात्र शेजारी कुणी लाहोरचा असतो, कुणी रावळपिंडीचा, आणि मुले एकाच वर्गात. त्यासाठी तरी 'तमस' घरात हवी. चौदा-पंधरा वर्षांखालच्यांना दाखवू नये.

याच विषयावरची 'बुनियाद' (१९८६-८७) शंभरावर भागांची आहे. मनोहर श्याम जोशींचे लेखन, रमेश सिप्पी आणि ज्योती सरूप यांचे दिग्दर्शन. लाहोरमधला पूर्वार्ध फार चांगला. आलोकनाथ आणि अनिता कंवर म्हातारे होऊ लागतात तसतशी मालिकाही थकते. हौस असेल तर घ्या. जोशींचीच 'हम लोग' (१९८४-८५, १५६ भाग) इतिहासाच्या दृष्टीने मोठी आहे. मेक्सिकोतल्या मालिकांचा नमुना समोर ठेवून लोकशिक्षणासाठी काढलेली आणि लोकांनी आपलीशी केलेली ती आपली पहिली मोठी मालिका. पण अशोककुमारांच्या समारोपासाठी १५६ भाग कपाटात ठेवावेत असे मला वाटत नाही. चार भाग कुठे मिळाले तर पाहावेत.

हलक्याफुलक्यांत 'वागळे की दुनिया' सर्वांत टिकाऊ निघाली. लक्ष्मण यांच्या व्यंगचित्रांतून आलेला कारकून, कुंदन शहांचे दिग्दर्शन, दुर्गा खोट्यांच्या संस्थेची निर्मिती, आणि अंजन श्रीवास्तव-भारती आचरेकर ही जोडी. वागळ्यांच्या अडचणी किती लहान आहेत! पण लहान अडचणींवर वीस मिनिटे विनोद करणे अवघड असते. मुले कंटाळली तर कोवळा शाहरुख खान एका भागात येतो, त्याचे आमिष दाखवावे. 'नुक्कड'मधली माणसे लोभस आहेत, पण गरिबी जरा फारच साजरी होते. 'ये जो है जिंदगी'त सतीश शहांची दर भागातली नवी सोंगे अजून हसवतात. बाकीचे जुने झाले. प्रिया तेंडुलकरांची 'रजनी' १९८५ साली वादळ होती. गॅस सिलिंडरसाठी ताटकळणे ज्यांनी अनुभवले त्यांना ती कळेल, इतरांना तळटीप द्यावी लागेल. बासू चटर्जींचाच 'ब्योमकेश बक्षी' (१९९३ आणि १९९७) मात्र शाळकरी मुलांसाठी निःशंक घ्यावा. रजित कपूरचा ब्योमकेश डोक्याने चालतो, पिस्तुलाने नव्हे.

गुलजारांचा 'मिर्झा गालिब' (१९८८) हा माझा एकमेव लाड. गझला आल्या की गोष्ट थांबते, हे खरे. पण नसीरुद्दीन शहा मुशायऱ्यात ज्या बेफिकिरीने बसतात, तेवढ्यासाठी थांबायला हरकत नाही.

आणि मराठी?

इथपर्यंतची यादी पाहिली तर एक गोष्ट डोळ्यांत भरते: सगळे हिंदी आहे. आपल्या मंडळींच्या फळीवरही बहुधा असेच असते. मुलांच्या कानावर मराठी पडावे म्हणून आपण संग्रह करतो आणि त्यांना जे ऐकवतो ते हिंदी. आपण दोन्ही भाषांत वाढलो म्हणून आपल्याला फरक जाणवत नाही. इथे जन्मलेल्या मुलाला मराठी ही आईची भाषा आहे. हिंदी ही सरळसरळ तिसरी भाषा. हिंदी अभिजात मालिका आपण स्वतःसाठी घेतो हे एकदा मान्य केले, की मुलांसाठी वेगळी फळी लागते हे कळते. ही फळी भरणे कठीण आहे, पण अशक्य नाही.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झाले आणि पहिल्या दशकातच त्याने 'चिमणराव' दिला. चिं. वि. जोशींचा चिमणराव दिलीप प्रभावळकरांनी आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे यांनी असा उभा केला की पुढे पुस्तक वाचतानाही तेच चेहरे दिसू लागले. स्टुडिओतली, कृष्णधवल, नाटकासारखी मालिका. जो भाग अधिकृतपणे हाती लागेल तो जपून ठेवावा. इथे निवड करण्याची चैन आपल्याला नाही.

'गोट्या' ही ना. धों. ताम्हनकरांच्या कथांवरची, राजदत्तांनी दिग्दर्शित केलेली मालिका. आजच्या मुलांना ती संथ वाटेल, अशी तक्रार ऐकू येते. मी उलट म्हणेन, अर्धवट मराठी येणाऱ्या मुलासाठी तो संथपणा वरदान आहे. रंगभूमीवर घडलेली नटमंडळी शब्द पुरा उच्चारतात, वाक्य संपवतात, मग थांबतात. तेवढ्या अवधीत मुलाला अर्थ लागतो. मराठी शाळेत धडा शिकवून जे होत नाही ते इथे आपोआप होते. गोट्या जरा जास्तच गुणी आहे, हे खरे. पण गुणी मुलांच्या गोष्टींचा कंटाळा मोठ्यांना येतो, मुलांना तितका येत नाही.

'स्वामी'बद्दल जपून बोलायला हवे, कारण ती अनेकांच्या काळजातली मालिका आहे. रणजित देसाईंची १९६२ सालची कादंबरी, गजानन जागीरदारांचे दिग्दर्शन, रवींद्र मंकणींचे माधवराव आणि मृणाल देव यांच्या रमाबाई. पानिपतानंतर सोळाव्या वर्षी पेशवाई हाती आलेला आणि १७७२ साली थेऊरला सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने गेलेला हा माणूस शोकांतिकेचा नायक आहे, यात शंका नाही. मंकणींची तडफ आणि राघोबांबरोबरचा घरातला संघर्ष अजून पकड घेतो. पण ही कथा संपते ती रमाबाईंच्या सती जाण्याने, आणि देसाईंनी त्या शेवटाला उदात्ततेचे वलय दिले आहे. ज्या दशकात आपण ती मालिका डोळे पुसत पाहिली, त्याच दशकात, १९८७ साली, राजस्थानात देवराला इथे रूपकंवरची घटना घडली. आपली अठरा वर्षांची मुलगी शेवटच्या भागानंतर आपल्याकडे वळून प्रश्न विचारील. विचारायलाच हवा. ज्यांची उत्तर देण्याची तयारी आहे त्यांनी 'स्वामी' अवश्य ठेवावी; केवळ पेशवाईचा अभिमान मिरवायला म्हणून ठेवू नये.

ऑगस्ट १९९९मध्ये 'अल्फा मराठी' सुरू झाली. तिच्या पहिल्या वर्षांतल्या 'आभाळमाया'ने रोजच्या मराठी मालिकेला चांगली सुरुवात करून दिली, पण लांबीमुळे ती माझ्या कसोटीत बसत नाही. प्रतिमा कुलकर्णींची 'प्रपंच' बसते. एकत्र कुटुंबातले ताण तिने खलनायकाशिवाय दाखवले, आणि सुधीर जोशी तिच्यात आहेत.

मात्र मराठीतली एकच मालिका घ्यायची असेल तर मी 'श्रीयुत गंगाधर टिपरे' घेईन. प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वरून केदार शिंदे यांनी केलेली, २००१ पासूनची. आबा टिपरे, मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडे शिऱ्या आणि शलाका. खलनायक नाही, कारस्थान नाही, कुणी कुणाला विष देत नाही. एका भागात एक किरकोळ घोटाळा होतो आणि निस्तरला जातो. मराठी मालिकांत मला हे फार मोठे यश वाटते. पण तिला पहिला क्रमांक देण्याचे कारण वेगळे आहे: तिच्यात तीन पिढ्यांची तीन मराठी आहेत. आबांची ठसठशीत जुनी, शेखर-श्यामलाची मध्यमवर्गीय, मुलांची इंग्रजी मिसळलेली चटपटीत. आणि ती तिन्ही एकमेकांना समजतात! इथल्या मुलाला मराठी म्हणजे मंडळाच्या कार्यक्रमात साडी-धोतर नेसून बोलायची भाषा वाटते. शिऱ्या त्याला दाखवतो की वडिलांकडे पैसे मागायला, बहिणीशी भांडायला आणि आजोबांना फसवायलाही ती वापरता येते. सगळे भाग सारख्या दर्जाचे नाहीत. शेवटचे काही दमछाक झाल्यासारखे आहेत. पण पहिल्या दोन वर्षांतला कुठलाही भाग लावावा.

घेताना काय पाहावे

थोडे व्यवहाराचे. भारतातून डीव्हीडी आणताना खोक्यावरचा आकडा पाहावा. भारत विभाग ५मध्ये आहे, अमेरिका आणि कॅनडा १मध्ये. '०' किंवा 'सर्व विभाग' लिहिलेली असेल तर उत्तम. नाहीतर सगळ्या विभागांच्या डिस्क वाजवणारे यंत्र घ्यावे. भारतातली पाल पद्धत सेकंदाला २५ चित्रांची, इथली एनटीएससी सुमारे ३०ची; जुनी यंत्रे दोन्ही वाचतीलच असे नाही. इंग्रजी सबटायटल आहेत का ते आधी विचारावे. नसतील तर मुलांच्या आणि अमराठी सुना-जावयांच्या दृष्टीने तो संच अर्धाच उपयोगाचा. गल्लीत मिळणाऱ्या स्वस्त नकलांवर भाग गाळलेले, आवाज पुढेमागे झालेला असे प्रकार असतात. शिवाय ज्यांनी हे केले त्यांना त्यातला एक पैसाही मिळत नाही.

आणि बेसमेंटमधल्या कॅसेट? व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६मध्ये ते काम बंद केले. टेपही ओलाव्याने खराब होते. ज्या मालिका बाजारात मिळतात त्यांच्या कॅसेट खुशाल टाकाव्यात. पण कुणी त्या काळी भारतात घरच्या यंत्रावर मुंबई दूरदर्शनचा एखादा मराठी कार्यक्रम नोंदवला असेल, तर ती टेप फेकण्यापूर्वी तिचे डिजिटल रूपांतर करून घ्यावे. तो कार्यक्रम दुसरीकडे कुठे उरला असेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

थोडक्यात माझा क्रम असा: पहिल्या वर्षी 'टिपरे' आणि 'मालगुडी डेज', दुसऱ्या वर्षी 'भारत एक खोज' आणि 'गोट्या', मुले हायस्कूलला गेली की 'तमस' आणि 'ब्योमकेश'. 'महाभारत' आधीच कुणीतरी आहेर दिलेले असेल. मोठे संच प्रत्येक घरी हवेतच असे नाही. दहा-बारा कुटुंबांनी वाटून घेतले आणि मंडळाच्या वाचनालयातल्या एका कपाटात ठेवले, तर खर्चही कमी आणि परत करायच्या निमित्ताने एकमेकांकडे जाणे-येणेही होईल. मात्र 'टिपरे' स्वतःचे घ्या. ते उसने दिले की परत येत नाही.